चित्राच्या आत बांधलेला संगणक

पीडीएफ आपण नुसती 'बघतो', पण फोनला तसं करता येत नाही. फाइलमध्ये लिहिलेली एकेक सूचना त्याला पाळावी लागते, तेव्हा कुठे पडद्यावर पान उमटतं. त्या सूचना कोणी लिहिल्या, हे मात्र तो विचारत नाही.

२०२१ मध्ये एका सौदी कार्यकर्त्याच्या आयफोनमध्ये टोरोंटोच्या सिटिझन लॅब या संशोधन गटाला काही फाइली सापडल्या. नावापुढे जीआयएफ, आत पीडीएफ. त्या उघडायचीही गरज नव्हती. संदेश आला की फोन स्वतःच चित्र तयार करायला घेई. त्या वाटेने पेगासस हे हेरगिरीचं सॉफ्टवेअर आत शिरलं.

चोरवाट होती पीडीएफमधलं चित्र साठवण्याच्या जेबिग-२ या जुन्या पद्धतीत. स्कॅन केलेल्या काळ्या-पांढऱ्या पानांसाठी ती बनली. एखादं अक्षर पानावर चाळीसदा आलं तरी त्याचा आकार एकदाच साठवायचा आणि पुन्हापुन्हा तोच वापरायचा. त्यासाठी आकार किती, याची आधी बेरीज होते आणि तेवढी जागा राखली जाते. ही बेरीज ३२ बिटांत मावावी लागते. जुन्या स्कूटरच्या मीटरवर ९९,९९९ नंतर पुन्हा शून्य येतं ना, तसंच इथे ४,२९,४९,६७,२९५ नंतर होतं. हल्लेखोरांनी आकडे असे रचले की बेरीज उलटून अगदी लहान झाली. जागा राखली गेली चिमूटभर आणि लिहिणं सुरू झालं ढीगभर. ते शेजारच्या स्मृतीत सांडलं.

पुढचं वाचताना मी थक्क झालो. जेबिग-२ मध्ये प्रोग्रॅम लिहायची सोयच नाही; एका चित्रावर दुसरं ठेवून ठिपक्यांची 'आणि', 'किंवा' अशी जुळणी तेवढी करता येते. पण संगणकाचं गणितही याच जुळण्यांवर चालतं! गूगलच्या प्रोजेक्ट झीरो या सुरक्षा-संशोधन गटाने फाइल उलगडली, तेव्हा ७०,००० हून अधिक सूचनांमधून उभा केलेला एक छोटा संगणकच समोर आला, ६४ बिटांची बेरीज करणारा.

माणसाच्या फोनवर पाळत ठेवण्यासाठी इतकी बुद्धी खर्ची पडावी, याची चीड येते. आणि इशारा मिळालेला होता: २००९ मध्ये अडोबी रीडरलाही जेबिग-२ मधल्याच एका चुकीने गाठलं होतं.

ॲपलने १३ सप्टेंबर २०२१ रोजी आयओएस १४.८ देऊन ही बेरीज दुरुस्त केली. आयओएस १५ पासून संदेशातलं जीआयएफ उलगडण्याचं काम ब्लास्टडोअर नावाच्या बंदिस्त कप्प्यात होतं.