उन्हाच्या जमाखर्चावर चाललेले घर

आयुष्याची तेहतीस वर्षे मी दुसऱ्यांची विजेची बिले तपासण्यात घालवली. कुणाचे मीटर रेंगाळते, कुणाचे धावते, कोणत्या पिठाच्या गिरणीचा आकडा गेल्या महिन्यापेक्षा संशयास्पद दिसतो, यात माझी हयात गेली. पण एक युनिट वीज म्हणजे प्रत्यक्षात केवढी चीज असते, हे मला कळले ते निवृत्तीनंतर, गेल्या डिसेंबरात, ॲरिझोनाच्या वाळवंटात, रात्री दोनच्या सुमारास!

आमचे चिरंजीव लॉस एंजेलिसच्या एका उपनगरात असतात. त्यांनी एक जुना ट्रॅव्हल ट्रेलर विकत घेतला होता. ट्रॅव्हल ट्रेलर म्हणजे चाकांवरचे घर. याला स्वतःचे इंजिन नसते, दणकट मोटारीच्या मागे जोडून ओढत न्यावे लागते. बावीस फूट लांबीच्या त्या डब्यात पलंग, तीन शेगड्यांचा ओटा, फ्रीज, न्हाणी, शौचकूप, पाण्याच्या टाक्या असा सगळा थाट होता. चाळीतल्या दीड खोलीत संसार सुरू केलेल्या आमच्या मंडळींनी आत शिरताच एकदा चौफेर नजर फिरवली आणि म्हणाल्या, "अहो, याला माळा नाही एवढंच!"

अशा ट्रेलरांसाठी त्या देशात पैसे भरून उतरण्याचे तळ असतात. तिथे खांबावरच्या सॉकेटात वायर खुपसली की झाले. पण चिरंजीवांना तसल्या गर्दीत जायचे नव्हते. पश्चिम अमेरिकेत ब्यूरो ऑफ लँड मॅनेजमेंट या केंद्रीय खात्याच्या ताब्यात अफाट मोकळी जमीन आहे आणि तिच्या बऱ्याच भागात चौदा दिवसांपर्यंत फुकट मुक्काम करता येतो. मात्र तिथे नळ नाही, खांब नाही, वायर नाही. जे काही लागेल ते बरोबर न्यायचे, आणि वीज उन्हातून काढायची!

आम्ही गेलो क्वार्ट्झसाइट नावाच्या गावाजवळ. लॉस एंजेलिसहून पूर्वेला जाणारा दहा क्रमांकाचा महामार्ग कोलोरॅडो नदी ओलांडतो, तिथून हे गाव वीसेक मैलांवर आहे. उन्हाळ्यात भाजून काढणारे, हिवाळ्यात मात्र आपल्या पुण्याच्या थंडीची आठवण करून देणारे. उत्तरेकडच्या बर्फाला कंटाळलेले हजारो म्हातारे-म्हाताऱ्या आपापली चाकांवरची घरे घेऊन इथे उतरतात. त्यांच्यासाठी त्या खात्याने १९८३ पासून दीर्घ मुक्कामाची खास मैदाने राखली आहेत; १५ सप्टेंबर ते १५ एप्रिल हा तिथला हंगाम.

गावात बघण्यासारखे म्हणाल तर एक थडगे आहे, आणि ते कुणाचे सांगितले तर मुंबईकर चमकतील. हाजी अलीचे! अमेरिकन सैन्याने वाळवंटात सामान वाहण्यासाठी १८५६ मध्ये उंट आणविले, त्यांच्याबरोबर आलेला हा उंटवाला. तिथल्या लोकांनी त्याच्या नावाचा 'हाय जॉली' करून टाकला. १९०२ मध्ये तो वारला आणि १९३५ मध्ये त्याच्यावर दगडी पिरॅमिड उभारून माथ्यावर धातूचा उंट बसविण्यात आला. आमच्या नातीला सगळ्या प्रवासात हा उंट सर्वांत जास्त आवडला.

असो. आमच्या डब्याच्या टपावर दोनशे वॉटचा एक सौर पत्रा होता आणि पुढच्या दांड्यावर शिशाच्या दोन बॅटऱ्या. सूर्यप्रकाशाची सरळ वीज करणारा सिलिकनचा घट १९५४ मध्ये बेल प्रयोगशाळेतील चॅपिन, फुलर व पिअरसन या तिघांनी जगापुढे ठेवला, तेव्हा शंभर भाग उजेडातले जेमतेम सहा भाग विजेच्या रूपाने हाती लागत. चार वर्षांनी 'व्हँगार्ड' उपग्रहावर असले घट चढले आणि १९६४ पर्यंत त्यांच्या जोरावर तो पृथ्वीशी बोलत राहिला. आज बाजारात मिळणारे चांगले पत्रे शंभरातले वीसहून अधिक भाग पदरात टाकतात. हे सगळे मी वाचले होते, म्हणून निश्चिंत होतो. पुस्तकी ज्ञानाचा हा एक मोठाच तोटा!

आता माझ्या घोरण्याविषयी सांगणे भाग आहे. वाचकांनी हसू नये. झोपेत घशाचे स्नायू सैल पडून श्वासाची वाट मिटते, श्वास काही सेकंद थांबतो, माणूस दचकून पुन्हा श्वास घेतो, आणि हे रात्रभर चालते. असा माझा विकार आहे. तो उमगण्यापूर्वी आमची सौ. कित्येक रात्री उशाशी बसून माझे श्वास मोजत असे. पुढे डॉक्टरांनी सीपॅप नावाचे यंत्र दिले. नाकावर मुखवटा चढवायचा, यंत्र दाबाने हवा सोडते, वाट उघडी राहते. तेव्हापासून आम्ही दोघेही झोपू लागलो. परंतु ते यंत्र विजेवर चालते.

पहिली रात्र छान गेली. दुसऱ्या रात्री दोनच्या सुमारास मी गुदमरून उठलो. यंत्र मुके, दिवे मुके, गॅसवरच्या शेगडीबंबाचा पंखाही थांबलेला, डब्यात कडाक्याची थंडी. चिरंजीवांनी धावत जाऊन ट्रकचे इंजिन सुरू केले. इंजिनाकडून ट्रेलरकडे एक वायर असते, तिच्यातून बॅटरी भरते खरी; पण ती इतकी लांब आणि बारीक की पाच-सहा अँपिअरचा झरा तेवढा पाझरत होता. तेवढ्यात दोनशे फुटांवरच्या डब्यात दिवा लागला. मध्यरात्री शेजाऱ्याच्या उशाशी इंजिन घुरघुरवणे तिथे फार असभ्य समजतात. चिरंजीवांनी ओशाळून ते बंद केले. उरलेली रात्र मी ट्रकच्या खुर्चीत गोधडी पांघरून ताठ बसून काढली, आणि सौ. शेजारच्या खुर्चीत. तिने पुन्हा मोजायला सुरुवात केली आहे हे मला न बघताच कळत होते.

सकाळी चिरंजीव म्हणाले, "बाबा, आपण परत जाऊ. माझंच चुकलं." नात रडू लागली. सूनबाई सामान आवरू लागल्या. एवढ्यात ते रात्रीचे शेजारी हातात व्होल्टमीटर घेऊन आले. सत्तरीपुढचे गृहस्थ, टेलिफोनच्या तारांवर जन्म काढलेले. रागावले असतील असे वाटले होते, त्यांनी "रात्री कोण आजारी होतं?" एवढेच विचारले आणि मीटरच्या सुया बॅटरीला लावल्या. आकडा पावणेबारा व्होल्टच्याही खाली. शिशाची बॅटरी भरलेली असली की पावणेतेराच्या आसपास दाखवते, निम्मी झाली की बारा-सव्वाबारा. त्याखाली तिला वारंवार नेणे म्हणजे तिचे आयुष्य कापणे.

मग त्यांनी विचारले, "तुमचा रोजचा खर्च किती?" चिरंजीवांना डॉलरचा खर्च वाटला. मला मात्र प्रश्न बरोबर समजला, आणि तेहतीस वर्षांचा कारकून माझ्यात जागा झाला! नातीच्या चित्रकलेच्या वहीत मी जमा आणि नावे अशा दोन बाजू आखल्या.

नावे बाजू अशी निघाली. फ्रीज, चोवीस तासांचे सहाशे वॉट-तास. माझे यंत्र, हवा दमट करणाऱ्या तापपात्रासह, तासाला साठ वॉट, म्हणजे आठ तासांचे चारशे ऐंशी. शेगडीबंब गॅसवर चालतो खरा, पण त्याचा पंखा ऐंशी-पंचाऐंशी वॉट खातो. निम्मी रात्र फिरला तरी साडेतीनशेच्या घरात. दिवे, पाण्याचा पंप, फोन यांचे दीडशे. एकूण जवळजवळ सोळाशे. पुण्यातल्या हिशेबाने दीड युनिटाहून थोडे अधिक. इतक्या किरकोळ रकमेसाठी मी कधी पेन्सिल उचलली नव्हती!

जमेला दोनशे वॉटचा पत्रा. पण तो टपावर आडवा. क्वार्ट्झसाइटला डिसेंबरच्या उत्तरार्धात भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून तेहतीस अंशच वर येतो. पुण्यात तेव्हा तो अठ्ठेचाळीसवर असतो. ऊन पत्र्यावरून घसरून जात होते. भरीस भर म्हणजे टपावरच्या वातानुकूलन-पेटीची सावली सकाळी पत्र्याच्या कोपऱ्यावर पडे. घट एकापुढे एक माळेत ओवलेले असतात. चार घट झाकले तरी पत्र्याचा मोठा भाग निकामी होतो. दिवसाची कमाई चारशेच्या पलीकडे नव्हती. म्हणजे आम्ही घरून भरून आणलेले भांडवल खात होतो आणि दुसऱ्या रात्री दिवाळे वाजले.

शेजाऱ्यांनी माझे यंत्र हातात घेऊन निरखले. "हे तुम्ही इन्व्हर्टरवर का चालवता?" बॅटरीतली एकदिश वीज इन्व्हर्टर घरगुती विजेत बदलतो, आणि यंत्राचे खोके तिची पुन्हा एकदिश करते, दोन्ही वेळा दलाली जाते. ते आपल्या डब्यात जाऊन एक वायर घेऊन आले. सरळ बॅटरीवरून यंत्र चालविणारी, बरोबर माझ्याच यंत्राच्या जातीची. त्यांच्या दिवंगत पत्नीची होती ती. तापपात्र बंद केले, ही वायर लावली, आणि साठ वॉटचे तीस झाले.

उरलेले काम गावात झाले. तिथे या वस्तूंची दुकाने आहेत. काही शे डॉलर खर्चून आणखी एक दोनशे वॉटचा पत्रा आणि शंभर अँपिअर-तासांची लिथियम-लोह-फॉस्फेटची बॅटरी आणली. ही साडेबाराशेहून अधिक वॉट-तास साठवते आणि जवळजवळ सगळे परत देते. शिशाच्या जोडीतून सुखाने निम्मेच काढता येतात. वजन अकरा-बारा किलो, चिरंजीवांनी काखेत मारून आणली. तिचे एक पथ्य मात्र कडक असते. पाणी गोठेल इतक्या थंडीत ती भरू नये. म्हणून ती पलंगाखाली, आत. शिशाच्या बॅटऱ्यांशी तिची सोयरीक करायची नाही, आणि भरणाऱ्या नियंत्रकाची कळही तिच्या जातीवर फिरवायची. नवा पत्रा जमिनीवर लाकडी ठोकळ्यांना टेकवून दक्षिणेकडे तोंड करून उभा केला, टपावरचाही सोडवून खाली आणला. दोघांची मिळून कमाई चौदाशेच्या आसपास गेली. शेगडीबंबाची कळ खाली ओढून आम्ही पुण्याच्या गोधड्या बाहेर काढल्या. खर्च साडेअकराशेवर आला.

आमच्या मंडळींनी मात्र एक प्रश्न टाकला. "मग मिक्सर लावायचा की नाही?" त्यांचा समज असा की मोठा आवाज म्हणजे मोठा खर्च. पाचशे वॉटचा मिक्सर दोन मिनिटे फिरला तर जेमतेम सतरा वॉट-तास जातात. चटणी खुशाल वाटावी. उलट गुपचूप बसणारी चहाची विजेची किटली पंधराशे वॉटची. बारा व्होल्टच्या बॅटरीतून तिला सव्वाशे अँपिअर ओढावे लागतात, आणि त्यासाठी अंगठ्याएवढी जाड वायर हवी. चहा गॅसवर झाला.

पुण्यात आमच्या सोसायटीच्या गच्चीवरही असलेच पत्रे आहेत. पण ते बाहेरच्या तारांशी बांधलेले. बॅटरी नसल्याने वीज गेली की भर उन्हातही ते हात जोडून बसतात, नाहीतर खांबावर काम करणाऱ्याला धक्का बसेल.

त्या रात्री दहाला मी मुखवटा चढवला. एकदा जाग आली, यंत्र कुजबुजत होते. अंधारात सौ.चा हात चाचपला. ती गाढ झोपली होती. सकाळी चिरंजीव आकडा वाचून ओरडले, "बाबा, चाळीस टक्के शिल्लक!" दुपारी तीनपर्यंत बॅटरी पुन्हा काठोकाठ भरली. ती वायर परत द्यायला गेलो तर शेजाऱ्यांनी घेतली नाही. सौ.ने त्यांना चटणीची बरणी दिली.

ती वही मी चिरंजीवांकडेच ठेवून आलो. परवा त्यांचा फोन आला. पुढच्या सहलीला सूनबाईंना केस वाळवायचे यंत्र न्यायचे आहे, पंधराशे वॉटचे, दहा मिनिटांपुरते. मी म्हटले, "अडीचशे नावे टाक. आणि आधी तिसऱ्या पत्र्याला जागा बघ."