ग्राफिक्स कार्डाची निवड

आमच्या हर्णे बंदरावर मासळीचा लिलाव होतो. तेथें नवखा मनुष्य पापलेटाच्या चकाकीवर भुलून बोली बोलतो. जाणती कोळीण मात्र बोटानें कल्ला उचलून पाहते. चकाकी पाणी मारून आणतां येते, कल्ल्याचा तांबडेपणा आणतां येत नाहीं. आजच्या माझ्या विषयाचा मासळीशीं संबंध नाहीं असें आपणांस प्रथम वाटेल. परंतु शेवटीं आपण या कल्ल्यापाशींच परत येणार आहोंत.

विषय आहे संगणकावर खेळ खेळण्यासाठीं लागणाऱ्या मध्यम किंमतीच्या ग्राफिक्स कार्डाचा. जन्मभर मुलांना अंकगणित शिकविलेल्या मजसारख्या मॅट्रिक माणसानें या भानगडींत कां पडावें? कारण घरगुती आहे. माझा नातू दापोलीस कॉलेजांत शिकतो. दोन वर्षांपूर्वीं त्यानें एक जुनें कार्ड कोणाकडून तरी स्वस्तांत घेतलें, आणि चार महिन्यांत तें निकामी झालें. त्यानंतर सुट्टीच्या दोन हंगामांत पर्यटकांच्या निवासांत काम करून त्यानें पैसे जमविले. उणे पडले ते त्याच्या आजीनें सुपारीच्या पैशांतून घातले. आतांची खरेदी चुकली, तर तिसऱ्या खरेदीस घरांत पैसा नाहीं. तो एके दिवशीं कागदावर दोन नांवें लिहून माझ्याकडे आला आणि म्हणाला, “आबा, यांतलें कोणतें घेऊं?”

मीं म्हटलें, “अरे, मला त्यांतलें काय कळतें?”

“म्हणूनच तुम्हांला विचारतों. तुम्हांला समजावून सांगतांना माझें मलाच कळेल.”

हें उत्तर मला फार आवडलें, आणि आमची शिकवणी सुरू झाली; फक्त या वेळीं बाकावर मी होतों.

प्रथम हें कार्ड करतें काय तें पाहूं. संगणकाचा पडदा लहान लहान ठिपक्यांचा बनलेला असतो. सामान्य पडद्यावर आडवे १९२० व उभे १०८० ठिपके असतात. म्हणजे एकूण २०,७३,६००. चित्र हलतें आहे असा भास नीट व्हावयाचा, तर सेकंदास ६० चित्रें तरी हवींत. याचाच अर्थ एका सेकंदांत १२,४४,१६,००० ठिपक्यांचा रंग ठरवावयाचा! एकच हुषार गुमास्ता हें काम करूं शकणार नाहीं. येथें साधी बेरीज-वजाबाकी एकाच वेळीं करणारे हजारों कारकून लागतात. ग्राफिक्स कार्ड म्हणजे अशा कारकुनांची कचेरी होय. पडदा जर २५६० बाय १४४० चा असला, तर ठिपके ३६,८६,४०० होतात आणि काम सुमारें पावणेदोनपट वाढतें. म्हणून कार्डाच्या आधीं आपला पडदा कोणता, हा प्रश्न विचारावा.

असल्या यंत्राला निव्वळ खेळणें म्हणून नाक मुरडण्याचें कारण नाहीं. पुण्याच्या सी-डॅक या संस्थेनें १९९१ सालीं ‘परम ८०००’ हा महासंगणक तयार केला, ही गोष्ट आपणांस आठवत असेल. त्याच संस्थेच्या ‘परम सिद्धि-एआय’ या यंत्रानें नोव्हेंबर २०२० मध्यें जगांतील महासंगणकांच्या यादींत ६३ वा क्रमांक मिळविला. त्याचें बळ याच जातीच्या, मात्र कितीतरी मोठ्या, चिपांत आहे.

या बाजारांत मुख्य प्रतिस्पर्धी दोन. एक एन्व्हिडिया, जिची स्थापना १९९३ ची. १९९९ मध्यें तिचें ‘जीफोर्स २५६’ निघालें. दुसरी एएमडी, तिनें २००६ सालीं कॅनडांतील एटीआय ही जुनी कंपनी विकत घेऊन ‘रेडिऑन’ हें नांव आपलेंसें केलें. इंटेलनेंही डिसेंबर २०२४ मध्यें १२ गिगाबाइट मेमरीचें ‘आर्क बी५८०’ स्वस्तांत आणलें. परंतु जुन्या प्रोसेसराच्या संगतींत त्याचा वेग बराच उतरतो. आमच्या घरचा प्रोसेसर जुनाच असल्यामुळें तें मागें पडलें. राहिलीं कागदावरचीं दोन : ‘जीफोर्स आरटीएक्स ५०६०’ आणि ‘रेडिऑन आरएक्स ९०६० एक्सटी’. पहिलें मे २०२५ मध्यें बाजारांत आलें, दुसरें त्याच वर्षीं जूनमध्यें.

आतां पहिला सापळा. जीफोर्सच्या जाहिरातींत ३८४० गणन-घटक लिहिलेले, रेडिऑनच्या जाहिरातींत २०४८. शाळकरी पोर म्हणेल, पहिलें जवळजवळ दुप्पट वेगवान! पण दोन शाळांचे गुण परीक्षा वेगळ्या असतां एकमेकांशीं ताडून पाहतां येत नाहींत. दोन कंपन्या घटक मोजतात निरनिराळ्या रीतीनें, आणि त्यांचा कामाचा ठोकाही निराळा असतो. प्रत्यक्ष बहुतेक खेळांत हीं दोन कार्डें जवळपास बरोबरीनें धांवतात. तेव्हां घटकांचा आंकडा एकाच कंपनीच्या, एकाच पिढीच्या कार्डांची तुलना करण्यापुरताच उपयोगाचा.

दुसरी गोष्ट मेमरीची, आणि माझ्या मतें हाच कल्ला. आरटीएक्स ५०६० ला ८ गिगाबाइट मेमरी आहे. ९०६० एक्सटी मात्र ८ आणि १६ अशा दोन प्रकारांत मिळतें, आणि नांव दोन्हींचें एकच! खेळांतील भिंती, झाडें, चेहरे यांचीं चित्रें या मेमरींत भरून ठेवावीं लागतात. ती पुरली तोंवर सर्व कांहीं सुरळीत चालतें. ५०६० ची आपल्या मेमरीशीं देवाणघेवाण सेकंदास ४४८ गिगाबाइट इतकी आहे. या बाबतींत तें ९०६० च्या ३२० हून सरसच आहे. परंतु जागा संपली कीं उरलेला माल संगणकाच्या मुख्य मेमरींतून आणावा लागतो, आणि आमच्या यंत्रावर त्या वाटेनें या कार्डास सेकंदाला जास्तींत जास्त १६ गिगाबाइट मिळतात. गलबताचा खण भरून गेल्यावर एकेक टोपली होडीनें किनाऱ्यावरून आणवावी, तशी ही अवस्था! मग सरासरी वेग चांगला दिसूनही खेळ मध्येंच अडखळतो. परीक्षणांतील सरासरी आंकड्यांत हें अडखळणें नेहमीं उमटतेंच असें नाहीं. म्हणून किमान वेगाचा आंकडाही पाहावा.

जीफोर्सच्या बाजूनें बोलावयाचें, तर तेंही थोडें नाहीं. लहान चित्र काढून तें बुद्धिकौशल्यानें मोठें करण्याची तिची ‘डीएलएसएस’ ही युक्ति उत्तम आहे व पुष्कळ खेळांत तिची सोय आहे. एएमडीची ‘एफएसआर ४’ ही युक्ति आतां गुणानें तिच्या जवळ आली असली, तरी इतक्या खेळांत नाहीं. ज्या विद्यार्थ्यास खेळाबरोबर ब्लेंडरसारख्या साधनावर चित्रकामही करावयाचें आहे, त्यानें जीफोर्सकडेच पाहावें. मात्र दोन खऱ्या चित्रांमध्यें बनावट चित्रें घालून फुगविलेला वेग खरा समजूं नये. डोळ्यांना चित्र गुळगुळीत दिसतें, पण बोटाच्या आज्ञेला यंत्र अधिक लवकर उत्तर देत नाहीं.

विजेच्या खर्चाची चर्चा फार होते, तिचें गणित मीं स्वतः केलें. एकाची कमाल गरज १४५ वॅट, दुसऱ्याची सुमारें १६०. फरक १५ वॅटचा. रोज तीन तास वर्षभर खेळलें तरी फरक साडेसोळा युनिटांच्या आंतच! एवढ्यासाठीं निवड बदलण्याचें कारण नाहीं.

खरी काळजी निराळी आहे. आम्ही समुद्राकांठचे लोक. खाऱ्या दमट हवेनें येथें कडीकोयंडेसुद्धां खाल्ले जातात. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर दापोली तालुक्यांत कित्येक दिवस वीज नव्हती, आणि एरव्हींही पावसाळ्यांत विजेचा दाब वरखालीं होतो. म्हणून साडेपांचशें वॅटचा चांगल्या प्रतीचा वीजपुरवठा घ्यावा. कार्डावर पैसे उधळून येथें काटकसर करूं नये. यंत्र समुद्राकडील खिडकीपासून दूर व जमिनीपासून उंच ठेवावें. पावसाळ्यांत आठवड्यांतून दोन-चार वेळां तरी चालवावें, म्हणजे तें आंतून कोरडें राहतें. विजा कडाडूं लागल्या कीं तार भिंतींतून काढावी. आणखी एक गोष्ट : चिप एन्व्हिडियाची वा एएमडीची असली, तरी कार्ड बहुधा दुसरीच कंपनी बांधते व हमीही तिचीच असते. गंज चढल्यास हमी नाहीं अशी अट पुष्कळदां असते. ती आधीं वाचावी.

अखेर मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरील एका दुकानदाराला नातवानें फोन केला. भाव ऐकून त्याचा चेहरा खुलला. ९०६० एक्सटी अपेक्षेहून पुष्कळच स्वस्त होतें! तो होकार देणार, तोंच मीं पाटीवर मोठा आंकडा लिहून त्याच्यापुढें धरला : १६. त्यानें विचारलें, तेव्हां कळलें कीं तो भाव ८ चा होता. अमेरिकेंत बाजारांत येतांना या दोन प्रकारांत फरक ५० डॉलरांचा, म्हणजे २९९ व ३४९ असा होता. तेवढ्यासाठीं पोरानें आणखी दीड महिना थांबण्याचें ठरविलें, कारण हें कार्ड त्याला पांच वर्षें वापरावयाचें आहे.

माझा निष्कर्ष ९०६० च सर्वांनीं घ्यावें असा नाहीं. वर्षा-दोन वर्षांत कार्ड बदलणाऱ्यास, हलके खेळ खेळणाऱ्यास, किंवा चित्रकाम करणाऱ्यास ५०६० योग्य ठरेल. माझें सांगणें इतकेंच कीं आधीं आपला पडदा, आपलें काम आणि आपली हवा पाहावी, मग कार्ड. आणि खोक्यावरच्या मोठ्या नांवाखालचा बारीक आंकडा वाचल्यावांचून पैसे मोजूं नयेत. चकाकी सर्वांनाच दिसते. कल्ला उचलून पाहावा लागतो.