दोन तांबे पाण्याचा खेळ

मीरा-भाईंदरला शहाड-टेमघर आणि एमआयडीसी या पाणीपुरवठा यंत्रणांकडून येणारे पाणी वाढत्या वस्तीला अपुरे पडत आले आहे; अशा शहरात दीड-दोन वर्षांच्या मुलाला पाण्यात खेळू देणे ही उधळपट्टी वाटेल. पण या खेळाला टब लागतच नाही. परातीत दोन तांबे पाणी, वाटी, गाळणी आणि स्पंजचा तुकडा पुरतो. ओतताना मनगट वळते, स्पंज पिळताना बोटांत बळ येते, आणि वाटीत राहणारे पाणी गाळणीतून निसटते हे मूल पुन्हा पुन्हा पडताळून पाहते. मॉन्टेसरी पद्धतीत ओतण्याच्या कामाला मानाचे स्थान आहे ते यासाठीच. साधने महाग हवीत असेही नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी जुन्या ठाणे जिल्ह्यातल्याच बोर्डी-कोसबाडला परिसरातल्या वस्तूंवर बालवाडी चालवून दाखवली. सर्दीची भीती घालणारे घरोघरी भेटतात, मात्र सर्दी विषाणूंमुळे होते. कोमट पाणी आणि नंतर कोरडे कपडे एवढी काळजी पुरे. खरा धोका वेगळा आहे. लहान मूल काही सेंटिमीटर पाण्यातही बुडू शकते, आणि टंचाईमुळे आपल्या न्हाणीघरांत पिंपे, बादल्या भरलेल्या असतात. त्यांवर घट्ट झाकण ठेवा, खेळताना मुलाच्या हाताशी बसा आणि उरलेले पाणी लगेच कुंड्यांना घाला.