उंडेऱ्याची निम्मी माणसे

सुरत शहराला प्लेगची ओळख केवळ इतिहासाच्या पुस्तकांतून झालेली नाही. १९९४ च्या सप्टेंबर महिन्यात फुप्फुसाच्या प्लेगची वार्ता पसरली आणि अवघ्या काही दिवसांत लक्षावधी माणसे रेल्वेने, बसने, मिळेल त्या वाहनाने शहराबाहेर पडली. त्या दिवसांत औषधांच्या दुकानांतून टेट्रासायक्लिनच्या कॅप्सुली दिसेनाशा झाल्या, कारण हे औषध वेळेवर पोटात गेले तर रोगी वाचतो हे लोकांना ठाऊक होते. परंतु औषधाचा किंवा लशीचा गुण ठाऊक होतो तो कोणीतरी आधी आपले शरीर पुढे केलेले असते म्हणून. आणि प्लेगपुरते बोलावयाचे तर अशी माणसे सुरतेपासून फार दूरची नव्हेत. दक्षिणेस त्या काळी पोर्तुगीज अमलाखाली असलेले दमण आणि उत्तरेस तेव्हाच्या गायकवाडी मुलखातील, बडोद्यानजीकचे उंडेरा, या दोन गावांच्या दरम्यान सुरत आहे, आणि प्लेगच्या लशीचा पहिला मोठा पुरावा या दोन गावांनीच जगाच्या हाती दिला.

१८९६ मध्ये मुंबईत प्लेगने थैमान मांडले तेव्हा ओडेसात जन्मलेले आणि पॅरिसच्या पाश्चर संस्थेत काम केलेले वाल्डेमार हाफकिन यांना सरकारने कलकत्त्याहून बोलावून घेतले. ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांना एक खोली, एक व्हरांडा, एक कारकून आणि तीन शिपाई एवढाच सरंजाम मिळाला. लस करण्याची त्यांची रीत पाहण्यासारखी होती. मांसाच्या रसात तुपाचे थेंब सोडीत; प्लेगचे जंतू त्या तरंगत्या थेंबांना खालून धरून, गुहेच्या छतापासून लोंबणाऱ्या चुनखडीच्या सुळक्यांप्रमाणे वाढत; काचपात्र हलविले की ते तळाशी बसत आणि वर पुन्हा नवे लोंबू लागत. हिंदू व मुसलमान दोघांच्याही धर्मभावनेला धक्का लागू नये म्हणून रसासाठी बकऱ्याचे मांस घेतले जाई. काही आठवड्यांनी हे सर्व मिश्रण तापवून जंतू मारीत, त्यात थोडे कार्बोलिक ॲसिड घालीत, आणि लस सिद्ध होई.

१० जानेवारी १८९७ रोजी हाफकिन यांनी ही लस प्रथम स्वतःच्या अंगात टोचून घेतली, तीही पुढे सर्वसाधारणपणे ठरलेल्या मात्रेच्या कितीतरी पट, १० घन सेंटिमीटर. ताप चढला, टोचल्या जागी तीव्र वेदना झाल्या, आणि काही दिवसांत ते बरे झाले. त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला, तेव्हा तेथील स्वेच्छेने पुढे आलेल्या कैद्यांना लस देण्यात आली. त्यानंतरच्या दिवसांत लस न घेतलेल्यांपैकी १२ जण आजारी पडून ६ दगावले, घेतलेल्यांपैकी २ आजारी पडले व दोघेही वाचले. तुरुंगाच्या भिंतीआड, अंमलदाराच्या डोळ्यांदेखत दिलेली संमती कितपत मोकळी असते, हा प्रश्न त्या काळी फारसा कोणी विचारला नाही. तो विचारावयास जगाला नाझी डॉक्टरांवरील १९४७ चा न्युरेंबर्गचा खटला पाहावा लागला.

तुरुंगातील आकडे लहान होते. मोठे आकडे आले दमणहून. १८९७ च्या वसंतात धाकट्या दमणात प्लेग भडकला असता २,१९७ लोकांनी लस टोचून घेतली व त्यांतले ३६ मरण पावले. न घेतलेले ६,०३३ होते, त्यांतले १,४८२ गेले, म्हणजे जवळजवळ दर चौघांत एक. एवढी तफावत पाहून लशीचा गुण निर्विवाद ठरला असे कोणासही वाटेल. परंतु शास्त्राच्या दृष्टीने येथे एक मोठी फट आहे. आपणहून लस घ्यावयास आलेला मनुष्य आणि न आलेला मनुष्य हे दोघे इतर बाबतींत सारखेच असतात असे नाही: पहिल्याचे घर हवेशीर असेल, त्याच्या घरात धान्य असेल, तो आजारपणात लवकर वैद्याकडे धावत असेल, अथवा उंदीर पडू लागताच घर सोडून माळावर झोपडी बांधण्याची त्याची ऐपत असेल. मग तो वाचला तो लशीमुळे की ऐपतीमुळे? स्वेच्छेने पुढे येणारी माणसे हा वैद्यकीय संशोधनाचा आधार खरा, पण त्यांची तुलना न येणाऱ्यांशी केली तर हिशेब चुकण्याचा संभव असतो, ही गोष्ट आजही अनेक सुशिक्षितांच्या ध्यानात येत नाही.

ही फट बुजविण्यासाठी उंडेरा निवडले गेले. फेब्रुवारी १८९८ मध्ये, गावात प्लेग चालू असताना, घरोघरच्या माणसांना एकत्र करून प्रत्येक कुटुंबातील सुमारे निम्म्यांना लस देण्यात आली, आणि निम्मे तसेच ठेवले. पुरुष, बायका, मुले, धडधाकट व अशक्त ही दोन्ही बाजूंस सारखी यावीत अशी काळजी घेतली गेली. एकच छप्पर, एकच चूल, तेच उंदीर आणि तेच पिसवांनी भरलेले अंथरूण. फरक केवळ एका सुईचा. सहा आठवड्यांनी चौकशी झाली तेव्हा ज्या २८ घरांत प्लेग आला होता तेथील हिशेब असा निघाला: लस घेतलेले ७१, आजारी ८, मृत ३, लस न घेतलेले ६४, आजारी २७, मृत २६.

या २६ जणांपाशी मला थांबावेसे वाटते. लस टोचून घेणाऱ्यांचे धैर्य सर्वांना दिसते. मृत जंतूंचे पाणी अंगात घालू देणे ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती. पण ज्ञान ज्या वजाबाकीतून निघाले तिचा दुसरा आकडा या २६ जणांनी भरला. त्यांना कोणी विचारले होते का? घरातल्या कोणत्या निम्म्याला सुई आणि कोणत्या निम्म्याला नाही, हे त्या घराने ठरविले नव्हते. हाफकिन यांच्या बाजूनेही न्यायाने बोलले पाहिजे. लशीचा गुण तोवर खात्रीने सिद्ध झालेला नव्हता, तो सिद्ध करण्यासाठीच हा खटाटोप होता. आणि पुढील वर्षांत लक्षावधी लोकांनी ती लस घेतली ती याच पुराव्याच्या बळावर. तरीही ज्याने काही दिले त्याला आपण देत आहोत हे ठाऊक नसेल, तर त्याला दाता म्हणता येत नाही. त्याच्याकडून घेतलेले असते.

आजची व्यवस्था या जाणिवेतून उभी राहिली आहे. आपण लशीच्या गटात की लस नसलेल्या सुईच्या, हे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे यदृच्छेने ठरेल, आणि ते ना आपल्याला कळेल ना डॉक्टरला, ही गोष्ट भाग घेणाऱ्याला प्रारंभीच सांगावी लागते. कोव्हिडवरील कोव्हॅक्सिन या लशीच्या तिसऱ्या टप्प्यातील चाचणीत २५,८०० स्वयंसेवकांनी हे मान्य करून दंड पुढे केला. लक्षणांसह आजारी पडलेल्या १३० जणांपैकी २४ लशीच्या आणि १०६ दुसऱ्या गटातील निघाले, आणि लशीच्या परिणामकारकतेचा ७७.८ टक्के हा आकडा त्यातून आला. वजाबाकी उंडेऱ्याचीच होती, परंतु या वेळी दोन्ही बाजूंच्या माणसांना ती आधी सांगण्याचे कायद्याचे बंधन होते, आणि लस न मिळालेल्यांना नंतर ती देऊ करण्यात आली.

कायदा झाला म्हणून आचरण बदलते असे नव्हे. त्याच बडोदे जिल्ह्यात आणि तेव्हाच्या आंध्रातील खम्मममध्ये २००९ साली पाथ या संस्थेच्या प्रकल्पात किशोरवयीन मुलींना गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरील लस देण्यात आली. काही मुलींच्या मृत्यूनंतर २०१० मध्ये प्रकल्प थांबला. त्या मृत्यूंचा लशीशी संबंध दिसत नाही असा चौकशी समितीचा अभिप्राय पडला, परंतु संमतीच्या कागदांत गंभीर उणिवा आढळल्या. खम्मममध्ये तर आईबापांच्या जागी वसतिगृहांच्या अधीक्षकांनीच सह्या केल्या होत्या. लस चांगली असणे आणि विचारून दिलेली असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दुसरीची उणीव पहिलीने भरून निघत नाही.

औषधांच्या चाचण्यांविषयीच्या २०१९ च्या नियमांनी पुष्कळ गोष्टी स्पष्ट केल्या आहेत. नैतिकता समितीत किमान सात सभासद हवेत, त्यांत एक सामान्य नागरिक, एक स्त्री आणि एक कायद्याचा जाणकार हवा, आणि निम्मे तरी त्या संस्थेबाहेरचे हवेत. चाचणीमुळे इजा झाल्यास उपचार मोफत आणि भरपाई निराळी. कोणत्याही क्षणी, कारण न देता, बाहेर पडण्याची मुभा. आणि बाहेर पडलेल्याचे नेहमीचे उपचार तोडता येत नाहीत.

सुरतेच्या दृष्टीने मला या साऱ्यांत भाषेचे कलम सर्वाधिक महत्त्वाचे वाटते. उधना, लिंबायत, पांडेसरा येथे मागावर बारा बारा तासांची पाळी करणारा, घरी अहिराणी बोलणारा मनुष्य रुग्णालयात येतो तेव्हा त्याच्यापुढे गुजराती अथवा इंग्रजी कागद सरकविला जाण्याचा धोका उघड आहे. संमतीचा मजकूर त्याला समजणाऱ्या भाषेत असला पाहिजे, आणि त्याला वाचता येत नसेल तर संशोधनाशी संबंध नसलेल्या निःपक्षपाती साक्षीदारासमोर तो वाचून दाखविला पाहिजे, असे बंधन आहे. बुडालेली रोजी व गाडीभाडे मागण्यात संकोच करण्याचे कारण नाही, ते देण्यास परवानगी आहे. गैर आहे ते गरजवंताला मोठ्या रकमेची भुरळ घालणे. २००९ च्या जूनपासून औषधांच्या प्रत्येक चाचणीची नोंद राष्ट्रीय नोंदवहीत करणे सक्तीचे असून ती कोणालाही पाहता येते, तेव्हा नोंदीचा क्रमांक विचारावा, घरच्यांशी बोलण्यासाठी वेळ मागून घ्यावा, आणि सही अथवा अंगठा झाल्यावर त्या कागदाची एक प्रत मागावी. ती प्रत आपल्यापाशी ठेवण्याचा त्याला हक्क आहे.