निखळणारा खांदा

आमच्या भोसरीत कबड्डी आणि कुस्तीचे वेड जुने. त्यामुळे ‘खांदा निखळला’ हे शब्द कानांवर नेहमी पडतात. खुब्याचा गोळा खोल वाटीत बसतो, खांद्याचा मात्र उथळ बशीत ठेवलेल्या लिंबासारखा. म्हणूनच हात चहूकडे फिरतो, आणि म्हणूनच निसटतोही. त्याला जागेवर धरण्याचे मोठे काम भोवतालचे चार लहान स्नायू करतात. दंड फुगविणारे आमचे तालीमबाज नेमके त्यांनाच विसरतात!

व्यायामात आधी पाठीवरचा फरा स्थिर करावयाचा. मग कोपर बरगडीशी ठेवून रबरी पट्टा सावकाश आत-बाहेर ओढावयाचा. डोक्यावर वजन पुष्कळ आठवड्यांनी, आणि मैदानातली पकड सर्वांत शेवटी.

परंतु १९९२ साली बर्कहेड व रॉकवुड या अमेरिकन डॉक्टरांना आढळले, की मार न लागता सैल झालेल्या खांद्यांपैकी ८० टक्के व्यायामाने चांगले सुधारले. मार लागलेल्यांपैकी अवघे १६ टक्के. धक्क्याने वाटीची कड फाटते, ती स्नायू कमावून शिवली जात नाही. चाकणला पाळी करणाऱ्या माझ्या मित्राचा खांदा पकडीत तीनदा निखळला आहे. त्याने पट्टा ओढावाच, पण आधी अस्थितज्ज्ञाला दाखवावे, असे मी त्याला बजावले आहे.