भित्तिचित्रे, उत्तर आयर्लंडमधील राजकीय
बेलफास्ट, डेरी इ. शहरांत घरांच्या बाह्य भिंतींवर रंगविलेली राजकीय आशयाची चित्रे. वस्ती कोणत्या समाजाची, हे त्यांवरून परक्यासही कळते. ब्रिटननिष्ठ प्रॉटेस्टंटांनी ही प्रथा १९०८ च्या सुमारास सुरू केली. बॉइनच्या लढाईतील (१६९०) विजेता राजा तिसरा विल्यम हा त्यांचा आवडता विषय. आयरिश प्रजासत्ताकवाद्यांची चित्रे मुख्यतः १९८१ च्या तुरुंगातील उपोषणापासून वाढली. त्यात बॉबी सँड्ससह दहा कैदी मृत्यू पावले. ब्रिटननिष्ठांच्या बेकायदा सशस्त्र संघटनांनी पुढे बुरखाधारी बंदूकधारी व अल्स्टरचा लाल पंजा ही चिन्हे रंगविली. १९९८ च्या शांतताकरारानंतर, विशेषतः २००६ पासून, कलामंडळाच्या अर्थसाहाय्याने काही ठिकाणी स्थानिक इतिहास, क्रीडा इ. विषय आले. तथापि रहिवाशांच्या संमतीविना जुने चित्र पुसणे कठीण असते. त्यामुळे काही भिंतींवर बंदूकधारी अद्यापही आढळतात.