इटलीतली मूर्ती आणि आपलं भोकरदन

इटली देशात पॉम्पेई नावाचे शहर होते. इ. स. ७९ मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखी फुटला आणि सगळे शहर राखेखाली गाडले गेले. १९३८ साली तिथं खणताना एक हस्तिदंती मूर्ती सापडली. ती होती आपल्या भारतातली! उंची सुमारे २५ सेंटिमीटर, म्हणजे आपल्या फूटपट्टीहून थोडी कमी. मध्ये दागिने घातलेली बाई अन् दोन बाजूंना दोन दासी. लोक तिला ‘पॉम्पेईची लक्ष्मी’ म्हणू लागले. आता ती नेपल्सच्या संग्रहालयात आहे.

खरी गंमत पुढंच आहे. १९७३ साली आपल्या भोकरदनला उत्खनन झाले. तिथंही तशाच घडणीची छोटी हस्तिदंती मूर्ती निघाली! भोकरदनचे जुने नाव भोगवर्धन. सातवाहन काळात तिथं मोठा व्यापार चाले. म्हणून काही विद्वान म्हणतात, इटलीतली मूर्तीही भोकरदनलाच घडली असावी. दुसरे म्हणतात, तिच्यावर खरोष्ठी लिपीतले अक्षर आहे, म्हणून ती वायव्येकडची असावी.

मूर्ती जगात गाजली, पण घडवणाऱ्या कारागिराचे नाव कुठंच नाही. ते गाव कोणते, हे जमिनीतल्या वस्तूच सांगतील. म्हणून शेतात जुना मणी किंवा मूर्तीचा तुकडा सापडला तर फेकू नका. गुरुजींना दाखवा.

– इयत्ता ४ थी, वडीगोद्री